पाच आणि अकरा वर्षांच्या मुलांसह ॲमस्टरडॅम: कागद, कालवे, खर्च

मे २०२५च्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं ॲमस्टरडॅमला होतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. राहतो नेरूळला. त्याआधी घरात कुणाच्याही पासपोर्टवर युरोपचा शिक्का नव्हता, मुलांचे तर पासपोर्टच नव्हते. धाकट्याला रोज पहाटे उठवून बसमध्ये बसवायचं नव्हतं, म्हणून टूर कंपनीबरोबर न जाता आपलं आपणच जायचं ठरवलं. तयारीला लागल्यावर मात्र पायरीपायरीवर प्रश्न. मुलांचे ठसे घेतात का? आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी असेल तर काय? तिकीट आधी काढायचं की व्हिसा आधी? उत्तरं ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने लिहिते आहे. कुणाचे रात्रीचे चार तास वाचले तरी खूप झालं.

ॲमस्टरडॅमच का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. पॅरिस म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. आम्ही संध्याकाळी फिरायला ज्वेल ऑफ नवी मुंबईला जातो. तिथला मोठा तलाव बहुतेकांना शोभेचा वाटतो, पण तो धारण तलाव आहे, ज्याला आपल्याकडे सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणून सिडकोने शहर वसवताना असे तलाव राखले. भरती आली की खाडीच्या बाजूची झडपेची दारं बंद होतात, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं, आणि ओहोटी लागली की खाडीत निघून जातं. ही पद्धत डच, म्हणजे ॲमस्टरडॅम ज्या देशात आहे त्या नेदरलँड्सच्या, धर्तीवरची आहे हे मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती गोळा करताना समजलं. त्या दिवसापासून तिचा एकच धोशा होता, ‘मग त्यांच्याकडे कसं असतं ते बघू या ना.’ असा प्रश्न मुलांकडून आपणहून आला की सहलीचं निम्मं काम होतं, असं मला वाटतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नोव्हेंबर २०२४मध्ये, पासपोर्टपासून सुरुवात केली. अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरायचा, पैसे भरले की भेटीची वेळ मिळते. मुलीचं शुल्क १००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत असते, त्यामुळे धाकट्याचे ९००. आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं केंद्र निवडलं. नेरूळहून ट्रान्स हार्बरने ठाणे, पुढे रिक्षा. मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागतं. ते साध्या कागदावर चालतं, नोटरीकडे जाण्याची गरज नाही. आत टोकन मिळतं आणि ए, बी, सी अशा तीन काउंटरांवरून जावं लागतं. चार वर्षांवरच्या मुलांचा फोटो तिथेच काढतात. धाकट्याने मान सरळ धरावी म्हणून ए काउंटरवरच्या ताईंनी त्याला कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघायला लावलं, आणि दुसऱ्याच फोटोला काम झालं.

आमचा खरा प्रश्न बी काउंटरवर होता. माझा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आहे. मुलांच्या जन्मदाखल्यावर मात्र आईचं नाव सासरच्या आडनावाने लागलंय, कारण प्रसूतीच्या वेळी रुग्णालयाने तसंच लिहून पाठवलं होतं. महाराष्ट्रात ही गोष्ट घरोघरी सापडेल. आम्ही विवाह नोंदणीचा दाखला मूळ प्रतीसह नेला होता. अधिकाऱ्यांनी तो पाहिला, आत जाऊन वरिष्ठांना विचारलं. आम्ही अर्धा तास बाकावर. मग बोलावणं आलं आणि अर्ज पुढे गेला. दोन्ही मुलांच्या पासपोर्टवर माझं नाव माझ्या पासपोर्टप्रमाणेच आलं. तुमच्याकडे असा फरक असेल तर विवाहाचा दाखला हाताशी ठेवा. आणि नुसतं आडनाव नाही, स्पेलिंगच चुकलेलं असेल तर आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून दुरुस्ती करून घ्या, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. आम्हा दोघांचे पासपोर्ट चालू मुदतीचे होते, त्यामुळे मुलांसाठी घरी पोलीस पडताळणी झाली नाही. पासपोर्ट टपालाने आले. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हे पुढच्या बेतांसाठी लक्षात ठेवा.

व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. मेच्या सुट्टीसाठी सगळी मुंबई एकदम अर्ज करते. आम्ही फेब्रुवारीत मुंबईतल्या अर्ज केंद्राची वेळ शोधू लागलो तेव्हा मार्चअखेरची मिळाली, २८ मार्च, शुक्रवार. मधले दिवस कागद जमवण्यात गेले.

कागदांची यादी संकेतस्थळावर असते, ती इथे पुन्हा देत नाही. जिथे वेळ जातो तेवढंच सांगते. बँकेचं स्टेटमेंट शाखेच्या शिक्क्यासह हवं, आणि आमच्या शाखेत शिक्का मारणारे साहेब आठवड्यातून ठरावीक दिवशीच भेटत. नवऱ्याच्या आणि माझ्या कार्यालयांकडून रजेचं पत्र हवं, त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि रजेच्या तारखा स्पष्ट असाव्यात. मुलांच्या शाळेचं बोनाफाईड मार्चमध्येच मागून घ्या, एप्रिलमध्ये कार्यालय निकालाच्या कामात बुडालेलं असतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढू नका, नियमाप्रमाणे आरक्षण पुरतं. हॉटेलही रद्द करता येईल असंच घ्या. सोबत एक पत्र इंग्रजीत लिहायचं: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोण करणार, परत का येणार. मी ते एका पानात बसवलं आणि रोज कुठे जाणार त्याचा तक्ता मागे जोडला.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. मुलगी अकराची आणि धाकटा पाचचा, त्यामुळे चौघांचे मिळून २२५ युरो झाले. तेव्हाच्या दराने साधारण २०,७०० रुपये, वर प्रत्येकाचं केंद्राचं सेवाशुल्क. बोटांचे ठसे बारा वर्षांपासून पुढे घेतात, म्हणून मुलांचे घेतले नाहीत. तरी आम्ही दोघांनाही सोबत नेलं. आत मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तेव्हा लहान मुलांसाठी चित्रकलेची वही न्या. आमच्या धाकट्याने वाट बघता बघता एक अख्खं जहाज रंगवलं.

त्यानंतर वाट पाहणं. मला या सगळ्यात सगळ्यात जड गेलं ते हेच. अर्ज ‘प्रक्रियेत’ आहे एवढंच दिसायचं, आणि मी दिवसातून कितीदा तरी ते पान उघडायची. त्यातच १५ एप्रिलचा मंगळवार आला. ॲन फ्रँक हाउस म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहताना ॲन या ज्यू मुलीने जिथे डायरी लिहिली ते घर, आता संग्रहालय. त्याची तिकिटं फक्त त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी. तिथले सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपली दुपारची दीड. हाती व्हिसा नव्हता, पण तिकीट तेव्हा मोठ्यांना १६ युरो आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांना ७ युरो. तेवढी जोखीम घ्यायची ठरवली. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून आभासी रांगेत बसले आणि मंगळवार, २७ मेची दोन तिकिटं मिळाली. दोनच, कारण धाकट्याला तिथे न्यायचं नाही हे पक्कं होतं. संग्रहालयाचंही सांगणं आहे की हे ठिकाण दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे.

पासपोर्ट व्हिशासह कुरिअरने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरी आले. पाकीट उघडताना सासूबाई देवापाशी उभ्या होत्या. त्याच दिवशी रात्री विमानाचं तिकीट पक्कं केलं, मुंबईहून थेट, चौघांचं येऊनजाऊन दोन लाख साठ हजारांच्या आसपास. मे उजाडला आणि सीमेवरच्या तणावाने उत्तरेकडचे विमानतळ काही दिवस बंद झाले. मुंबई चालू होती, पण तो आठवडा बातम्या बघण्यातच गेला. जायचं की नाही यावर घरात रोज बोलणं व्हायचं. विमान कंपनीचा मार्ग आणि वेळ तीच राहिल्याची खात्री झाल्यावरच बॅगा काढल्या.

२२ मेच्या सकाळी स्किपोलला उतरलो. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत तासभर गेला. अधिकाऱ्याने परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण पाहिलं, मुलीला विचारलं, ‘काय बघणार?’ ती म्हणाली, ‘पाणी.’ त्याने हसून शिक्का मारला. हा विमानतळ समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चार मीटर खाली आहे. जिथे धावपट्टी आहे तिथे पूर्वी हार्लेमरमेअर नावाचं प्रचंड सरोवर होतं. ते वाफेच्या पंपांनी उपसून १८५२मध्ये कोरडं केलं. मुलांना हे विमानातच सांगितलं होतं, त्यामुळे चाकं टेकताच धाकटा ओरडला, ‘आपण तळाशी आलो!’

राहायला स्लोटरडाइक स्टेशनजवळचं छोट्या स्वयंपाकघराचं हॉटेल घेतलं. कालव्याकाठच्या जुन्या घरांत राहणं मोहात पाडतं, पण तिथले जिने इतके उभे असतात की बॅगा आणि पाच वर्षांचं मूल घेऊन चढणं अवघड. स्लोटरडाइकहून सेंट्रल स्टेशन आगगाडीने पाच-सहा मिनिटांवर आहे. भाडं रात्रीला साधारण १९० युरो, शहराचा साडेबारा टक्के पर्यटन कर त्यातच धरून. आरक्षण करताना तो कर दिसणाऱ्या किमतीत आहे की वेगळा लागणार, ते नक्की बघा. कुकर नेला नाही, पण मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, गोडा मसाला आणि तुपाची छोटी बरणी नेली होती. रोज संध्याकाळी वरणभात झाला, आणि म्हणूनच मुलं दिवसभर नव्या खाण्याला तयार असायची.

ट्रॅम, बस, आगगाडी सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं. चढताना टेकवायचं तसं उतरतानाही टेकवायचं, आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं कार्ड वेगळं हवं. मुलांची वेगळी, स्वस्त तिकिटं असतात, ती आधी काढा. बरीच दुकानं रोख घेतच नाहीत. सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटी फुकट आहेत. धाकट्याला त्या इतक्या आवडल्या की काही काम नसताना आम्ही पलीकडे जाऊन नुसते परत आलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कालव्यांना कठडे नाहीत. रस्ता, मग उभ्या केलेल्या सायकली किंवा गाड्या, आणि लगेच पाणी. तिथल्या मुलांना लहानपणीच पोहायला शिकवतात, त्यासाठी ए, बी, सी अशी पोहण्याची प्रमाणपत्रं आहेत. आपल्या मुलांना पोहता येत असलं तरी थंड पाण्याची सवय नसते. आम्ही नियम केला: धाकटा कायम घरांच्या बाजूला, हात मोठ्या माणसाच्या हातात, आणि पुलावर थांबायचं तर आधी उभं राहायचं, मग फोटो. दुसरी भीती सायकलींची. लालसर रंगाचा पट्टा सायकलींचा असतो. त्यावर पाऊल टाकायच्या आधी दोन्हीकडे बघायचं, कारण त्या आवाज न करता वेगाने येतात. पहिल्या दिवशी हॉटेलजवळ रिकाम्या रस्त्यावर मुलांकडून हे दोनतीनदा करून घेतलं. पुढे सगळा प्रवास निर्धास्त गेला.

शुक्रवारी नावेत बसलो. काचेच्या मोठ्या बोटींऐवजी छोटी उघडी बोट घेतली, कारण तीत माणूस समोर बसून सांगतो आणि मुलं त्याला प्रश्न विचारू शकतात. साधारण तासभर, मोठ्यांना सतरा-अठरा युरो. सिंगेल हा जुन्या गावाभोवतीचा खंदक. १६१३पासून गाव वाढवायला घेतलं आणि त्याबाहेर हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे कमानीसारखे खणले गेले. २०१०मध्ये युनेस्कोने या कालव्यांच्या वर्तुळाला जागतिक वारशात घेतलं. माल बोटीने यायचा आणि वरच्या मजल्यावर साठवायचा, म्हणून प्रत्येक घराच्या माथ्याला बाहेर आलेली तुळई आणि आकडा. दोराने ओढताना माल भिंतीला घासू नये म्हणून बऱ्याच घरांची पुढची बाजू मुद्दाम थोडी पुढे झुकलेली बांधली. मुलीला वाटलं होतं घरं पडायला आली आहेत. काही घरं खरोखरच कलली आहेत, पण ती बाजूला. कारण खालची जमीन मऊ आहे. खाली वाळूचा घट्ट थर लागेपर्यंत लाकडी खांब ठोकून त्यावर हे सगळं गाव उभं केलंय. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत हवा लागत नाही, म्हणून कुजत नाही. पाण्याची पातळी उतरली की धोका. त्यामुळे इथे पाणी जास्त होऊन चालत नाही तसं कमी होऊनही चालत नाही.

दाम चौकातला राजवाडा मुळात नगरपालिकेची इमारत, काम १६४८ला सुरू झालेलं. त्याखाली १३,६५९ खांब आहेत. तिथली मुलं हा आकडा कसा लक्षात ठेवतात ते नाववाल्याने सांगितलं: वर्षाचे दिवस ३६५, पुढे १, मागे ९. मुलीने तो आकडा आता घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला आहे.

इतक्या जुन्या भिंती कायम टिकत नाहीत, हेही दिसलं. अनेक ठिकाणी कालव्याच्या काठाला लोखंडी पत्रे रोवून दुरुस्ती चालू होती. सप्टेंबर २०२०मध्ये ग्रिमबुर्गवाल इथली काठाची भिंत एकाएकी पाण्यात कोसळली होती. ज्या भिंती घोडागाड्यांसाठी बांधल्या त्यांवरून आता ट्रक जातात. ऐन सुट्टीत काही रस्ते बंद मिळतील, त्यासाठी मनाची तयारी ठेवा.

शनिवार नेमो या विज्ञान संग्रहालयाचा. हिरव्या तांब्याच्या जहाजासारखी दिसणारी ही इमारत रेन्झो पियानो यांनी आखली, १९९७ची. चौघांचे मिळून सत्तर युरोच्या आसपास लागले. सगळं हाताळून बघायचं असतं, त्यामुळे पाच आणि अकरा दोन्ही वयांना पुरलं. मी चार तास धरले होते, बंद होईपर्यंत थांबलो. छतावर तिकीट न काढताही जाता येतं, तिथून जुनं शहर छान दिसतं. रविवारी काहीही केलं नाही. तिकडे मेअखेरीस रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, मुलं झोपतच नाहीत आणि चौथ्या दिवशी सगळे चिडचिडे होतात. असा एक मोकळा दिवस मध्ये नक्की ठेवा. त्या दिवशी दुपारी सुरिनामी खानावळीत रोटी खाल्ली: मऊ पोळी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं. १८७३पासून आपल्याकडचे, मुख्यतः भोजपुरी भागातले मजूर डच सुरिनामला नेले गेले. १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांच्यापैकी अनेक कुटुंबं नेदरलँड्सला आली. गल्ल्यावरच्या आजींनी धाकट्याला ‘खा बाबू’ म्हणून जास्तीचा बटाटा वाढला. परदेशात शाकाहारी किंवा नुसतं अंडं खाणाऱ्यांची सोय शोधत असाल तर या खानावळी आधी बघा.

सोमवार, २६ मे. सकाळी नगरपालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत त्या स्तोपेरामध्ये गेलो. इथे पितळेचा एक खिळा आहे, त्याची पातळी म्हणजे शून्य. देशातली उंची या ॲमस्टरडॅम पातळीपासून मोजतात. शेजारी पाण्याने भरलेले काचेचे उंच स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते. तिसऱ्यात पाणी कितीतरी वर, ४.५५ मीटरवर आहे. १ फेब्रुवारी १९५३च्या महापुरात झीलँड प्रांतात समुद्र तेवढा चढला होता. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. धाकटा बाबाच्या खांद्यावर बसला तरी त्याचा हात त्या पाण्याच्या रेषेपर्यंत पोचेना. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘म्हणजे आपण आत्ता जिथे उभे आहोत तिथेही आलं असतं?’ ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचं पाणी शून्याखाली सुमारे चाळीस सेंटिमीटरवर राखतात. ते आपोआप राहत नाही, कुणीतरी दारं आणि पंप सांभाळतं म्हणून राहतं. त्यासाठी जलमंडळं आहेत, आणि लोक त्यांच्यासाठी वेगळं मतदान करतात. हे मला त्या सगळ्या सहलीत सर्वात मोलाचं वाटलं.

आम्ही तिथे असतानाच सासूबाईंचा फोन आला. ‘अगं, पाऊस आला! काल रात्रीपासून धो धो. खाली पाणी भरलंय.’ त्या दिवशी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचं जाहीर झालं, नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. वरळीचं नवीन भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात गेल्याचे व्हिडिओ पाठोपाठ आले. मुलीने आजीला पहिलं विचारलं ते ‘भरती किती वाजता आहे?’ मी तिथेच शेजाऱ्यांना फोन करून आमच्या गच्चीतली कुंड्यांची जाळी काढायला सांगितलं. पाणी ओहोटीबरोबर उतरलं, घरात काही झालं नाही.

मंगळवारी मी आणि मुलगी ॲन फ्रँक हाउसला गेलो, नवरा धाकट्याला घेऊन जवळच्या बागेत. पत्ता प्रिन्सेनग्राख्त २६३. वेळेच्या पाच-दहा मिनिटं आधीच रांगेत घेतात. मोठी पाठपिशवी आत चालत नाही आणि फोटो काढता येत नाहीत. ६ जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ या काळात आठ माणसं पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागे लपून राहिली. त्यांतले एकटे ॲनचे वडील ऑटो फ्रँक वाचले. खोल्या रिकाम्या ठेवल्या आहेत, तसं ऑटो यांनीच सांगितलं होतं. एका भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत, वडिलांनी मुलींची उंची मोजली त्या. आमच्याकडेही दाराच्या चौकटीला तशाच रेघा आहेत. मुलीने माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही. डायरी तिने आधी वाचली होती, त्यामुळे खोल्या तिला नावानिशी ओळखू येत होत्या. न वाचता अकरा वर्षांच्या मुलाला नेऊ नये असं मी म्हणेन. नंतरचा दिवस मोकळा सोडा, प्रश्न येत राहतात. आम्ही कालव्याकाठच्या बाकावर बसून बोललो, जे खरं आहे तेच सांगितलं.

बुधवारी झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या पाहिल्या. स्लोटरडाइकहून आगगाडीने पंधरा मिनिटांच्या आत. स्टेशनवर उतरल्याबरोबर कोकोच्या कारखान्याचा वास येतो, मुलं त्या वासानेच खूश. सकाळी नऊला पोचलो म्हणून मोकळं मिळालं, अकरानंतर बसच्या बस येऊ लागल्या. गुरुवारी तिकडे सार्वजनिक सुट्टी होती, सगळीकडे गर्दी. आम्ही रायक्स म्युझियम, म्हणजे तिथलं राष्ट्रीय संग्रहालय केलं. तिथे आणि व्हॅन गॉग संग्रहालयात अठरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, तरी वेळेचं आरक्षण मात्र मुलांचंही करावं लागतं.

३० मेच्या दुपारी परतीचं विमान. मध्यरात्री मुंबईत उतरलो तेव्हा पाऊस चालूच होता. जूनच्या पहिल्या रविवारी ओहोटीची वेळ बघून मुलांनी आजीला ज्वेलच्या तलावावर नेलं आणि पाणी कुठून कुठे जातं ते तिला सगळं समजावलं. गाळ साचलाय, कांदळवनही वाढलंय. कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते, हे मुलीने महापालिकेत विचारून घेतलंय. आता तिला वॉर्डाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहायचं आहे. मसुदा तिचाच आहे, मी फक्त पत्ता लिहून दिला.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: विमान २ लाख ६० हजार, राहणं साधारण १ लाख ४६ हजार, व्हिसा सेवाशुल्कासह तीस हजारांच्या आत, विमा सहा हजार, आणि तिथलं खाणं, प्रवास, तिकिटं मिळून एक लाखाच्या आसपास. एकूण साडेपाच लाखांच्या घरात. आम्ही दोन वर्षं त्यासाठी आवर्ती ठेव ठेवली होती. कुणाला या दिवाळीत जायचं असेल तर मुलांच्या पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात भरा, व्हिसाची वेळ जुलैतच घ्या. ॲन फ्रँक हाउसला जायचं असेल तर जायच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजून तो मंगळवार आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, एवढं वेळ ठरवताना लक्षात घ्या.